उरलेला आवाज

४ फेब्रुवारी

बारक्या,

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धड आहोत. बिघडलाय तो कॉम्प्युटर. तुला ईमेल करायची ती त्याच्यावरूनच, त्यामुळे आता कागद आणि पेन. फोन करता आला असता, पण फोनवर तुझं बोलणं मला डब्यात वाटाणे हलवल्यासारखं ऐकू येतं. माझ्या साध्या फोनवर मराठी उमटत नाही, आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. ह्यांच्या बाजारातून फुलांची गाडी रोज पहाटे तुमच्या शहराकडे येते. ड्रायव्हर ह्यांच्या शब्दाखातर पाकीट तुझ्या कॉलेजच्या फाटकावर देईल. उत्तर त्याच्याकडेच दे, परत येताना गाडी रिकामीच असते.

काल सकाळी कॉम्प्युटर लावला तर सगळा पडदा लाल. वर लिहिलेलं, तुमच्या सर्व फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे भरा. खाली एक घड्याळ उलटं चाललेलं. माझी शिवणकामाची बिलं, फोटो, कशावरही टिचकी मारली तरी उघडेना. प्रत्येक नावाच्या शेपटीला भलतीच अक्षरं चिकटलेली. बिलं गेली तर जाऊ देत. फोटोंचंही एक वेळ मी सोसेन. पण त्यात ह्यांचा आवाज आहे रे.

हे तुला सांगितलं नव्हतं, कारण ह्यांना गाजावाजा नको होता. अठरा तारखेला ऑपरेशन आहे आणि स्वरयंत्र काढणार, हे तुला ठाऊक आहेच. त्यानंतर आवाज म्हणून काही राहणार नाही. डॉक्टरांनी एका कंपनीचं नाव दिलं. त्यांनी ठरवून दिलेली वाक्यं आपण आधीच बोलून ठेवायची. त्यावरून ते त्या माणसाचा आवाज तयार करतात. मग ह्यांनी हातातल्या यंत्रावर लिहायचं आणि यंत्र ह्यांच्याच आवाजात बोलणार. तीन आठवडे आमच्या अडगळीच्या खोलीत दाराला रजया टांगून हे माइकपुढे बसले. फुलबाजारात लिलाव पुकारून आयुष्य गेलेलं, हळू बोलायची सवय कुठली? पहिल्या दिवशी माइकचा काटा सारखा लाल. मी बाहेरून दार वाजवून सांगायचे, अहो, गिऱ्हाईक समोरच बसलंय.

थोडीच वाक्यं राहिली होती. सगळं एकदम पाठवायचं असतं, म्हणून कंपनीकडे अजून काहीच गेलेलं नाही. काही वाक्यं आपल्या मनाचीही बोलता येतात. ह्यांनी काय निवडली असतील? ‘चष्मा तुझ्या डोक्यावरच आहे.’ ‘मी म्हटलं होतं की नाही.’ ‘चहा झाला का, का मीच करू?’ ऑपरेशननंतरही भांडायची सोय करून ठेवत होते.

माझ्या कानांचं तुला माहीतच आहे. कानातली मशीन काढली की कुकरची शिट्टीसुद्धा मला कळत नाही. मशीन न लावता जगातला एकच आवाज माझ्यापर्यंत पोचतो, तो ह्यांचा. बाकी मला काही नको. तेवढं काढून दे.

तुझी ताई

*

६ फेब्रुवारी

ताई,

आधी कामं कर, मग पुढचं वाच. इंटरनेटची वायर उपसून काढ. त्या लाल पडद्यावर कुठंही टिचकी मारू नकोस. पैसे भरू नका. आणि शेजारच्या कोणा हुशार माणसाला ‘जरा बघ रे’ म्हणून हात लावू देऊ नकोस. झालं? आता बस.

हा माझ्या रोजच्या ओळखीतला पाहुणा आहे. आमच्या कॉलेजातल्या पोरांच्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या जाती गुण्यागोविंदाने नांदतात. लोक सरसकट व्हायरस म्हणतात, पण खरा व्हायरस एखाद्या फाइलला चिकटून राहतो, आणि ती फाइल कोणी उघडली तरच पसरतो. वर्मला तेवढीही गरज लागत नाही. तो आपल्या पायांनी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातो. स्पायवेअर काही मोडत नाही, कोपऱ्यात बसून तू काय टाइप करतेस ते टिपून घेतो. ट्रोजन सज्जनाचा वेश घालून येतो आणि दार तूच उघडून देतेस. तुझ्याकडे जे आलंय ते फाइली ओलीस ठेवून खंडणी मागणारं. त्याला रॅन्समवेअर म्हणतात. पण ते घरात शिरलं कसं, ते मला कळायला हवं. गेल्या आठवड्यात कुठली मेल उघडलीस? कशाला ‘हो’ म्हणालीस? आठवून खरं खरं लिही, मी रागावणार नाही.

आणि बॅकअप? दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या मागे लागून वेगळी डिस्क घ्यायला लावली होती. तिच्यात दुसरी प्रत असेल तर आपण जिंकलो. ती डिस्क आणि कॉम्प्युटरचा डबा, दोन्ही नीट बांधून गाडीवर पाठव. पडदा आणि कीबोर्ड नको, नाहीतर तू सगळं बिऱ्हाड पाठवशील.

भाऊजींना म्हणावं, तुमचा आवाज माझ्याकडे सुरक्षित येतोय. त्यांना मी लहानपणापासून भीत आलोय. त्यांचा आवाज हरवला तर मला रागावणार कोण?

बारक्या

*

८ फेब्रुवारी

बारक्या,

डबा आणि डिस्क या पत्राबरोबरच आहेत. डबा ह्यांनी स्वतः बांधला, गुलाबाच्या खोक्यात, ओल्या कागदाऐवजी कोरडा कागद लावून. ड्रायव्हरला तीनदा बजावलं की यावर पाणी मारायचं नाही.

डिस्कचं ऐक. तू सांगितलंस तशी रोज न चुकता प्रत करत होते. एक दिवसही खाडा नाही. पण ती मी काढून ठेवत नव्हते. सारखी काढ-घाल करून तिची पिन ढिली होईल म्हणून ती कायम लावलेलीच असायची. आता तिच्यातल्या नावांनाही त्याच शेपट्या आल्यात. काढून ठेवायची असते हे तू मला सांगितलं नव्हतंस, आणि मला सुचलंही नाही.

आणि शिरलं कसं ते मला माहीत आहे. लाल पडद्याच्या आदल्या दिवशी मेल आली. वर कंपनीचं नाव, कंपनीचं चित्र. ‘तुमच्या आवाजाचा नमुना जोडला आहे.’ मी विचारसुद्धा केला नाही की आपण अजून काही पाठवलंच नाही तर नमुना कुठला. तीन आठवडे त्याचीच वाट बघत होते ना. उघडलं तर वर एक पिवळी पट्टी, मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या म्हणून. मी दिली. आत काहीच नव्हतं. मला वाटलं नंतर दिसेल, म्हणून मी पीठ मळायला गेले.

ह्यांना सांगितलं तेव्हा वाटलं की घर डोक्यावर घेतील. एरवी मीठ जास्त पडलं तरी घेतात. हे म्हणाले, ‘माझ्याकडूनही तेच झालं असतं.’ बस, एवढंच. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता ह्यांचे प्रताप. पैसे भरू नका म्हणून तू लिहिलंस, ते मी वाचून दाखवलं. हे हसले. भरतोय कोण, म्हणाले, आधी भाव तर पाडू. लाल पडद्यावर एक ईमेलचा पत्ता होता तो कागदावर उतरवून हे गेले बाजारात, आणि तिथल्या हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरवरून चोरांशी बोलणी सुरू केली. मी कपाळाला हात लावला. ह्यांचं म्हणणं असं की या मालाला सगळ्या दुनियेत गिऱ्हाईक एकच, आणि ते म्हणजे आपण. बाजार उठायच्या वेळेला असा माल मातीमोल भावानं सुटतो, विकणारा तो फेकून देत नाही. म्हणून घड्याळ संपत येईपर्यंत थांबायचं. रोज संध्याकाळी येऊन सांगतात, आज एवढं मागितलं. समोरून उत्तर येतं म्हणे, पण तेच ते. ह्यांना वाटतं माणूस पक्का आहे, आणि पक्का माणूस भेटला की ह्यांना आतून मजा वाटते.

एक विचारायचं राहिलं. दहा दिवस हातात आहेत. शेजारून दुसरा कॉम्प्युटर आणून पुन्हा पहिल्यापासून वाक्यं बोलून घेऊ का? गळा रोज जास्त बसतोय. रात्री खोकताना छाती धरतात. डॉक्टर म्हणतात, जमेल तेवढा आराम द्या. पण तू म्हणशील तर मी ह्यांना बसवते. ते बसतील.

ताई

*

१० फेब्रुवारी

ताई,

डबा पोचला. फाटकावरचा पहारेकरी विचारत होता, सर, वाढदिवस का? आत लोखंड बघून त्याचा हिरमोड झाला.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. तू मूर्ख नाहीस. तुला आलेल्या मेलला फिशिंग म्हणतात, गळ टाकणं. ती एकट्या तुला आलेली नाही. त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते कुठून तरी फुटले असणार, आणि जो जो आवाजाची वाट बघतोय त्या प्रत्येकाच्या दारात ती पडली असणार. घाईतल्या माणसाला, आशेवरच्या माणसाला नेमकं काय हवंय ते ओळखून हे लोक आमिष लावतात. आमच्या प्राचार्यांनी गेल्या वर्षी स्वतःच्या बढतीची मेल अशीच उघडली होती, आणि ते तर मला सुरक्षेवर भाषण द्यायला लावतात. डिस्कचंही तुझं काही चुकलं नाही. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायची, हे वाक्य मी तुला सांगितलं नव्हतं.

आता भाऊजींना सांग, ती बोलणी बंद करा. तिकडे कोणी माणूस बसलेला नसतो बऱ्याचदा. ठरलेलं उत्तर यंत्र पाठवतं. बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदल, दुसऱ्या कोणाच्या तरी स्वच्छ कॉम्प्युटरवरून. आणि पासवर्डनंतर फोनवर एक आकडा येतो ती दुहेरी खात्री असते ना, जी तुला कटकट वाटते म्हणून तू बंद केली होतीस, ती चालू कर.

आणि पुन्हा बोलून घेण्याचं. नको. अजिबात नको. गळा दुखत असताना त्यांना पुन्हा त्या रजयांच्या मागे बसवू नकोस. यातल्या कित्येक जातींच्या किल्ल्या पोलिसांनी आणि जाणकारांनी शोधून फुकट वाटल्यात. मागे आमच्या परीक्षा विभागाचं असंच झालं होतं, तेव्हा मी आठवड्यात सगळं परत आणलं. कुठली जात आहे एवढं कळू दे, की किल्ली लावायचीच बाकी. मी काढतो, ताई. तुम्ही दोघं आराम करा.

बारक्या

*

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

बारक्या,

उद्या सकाळी सातला दवाखान्यात जायचं. पिशवी भरून ठेवली. ह्यांचे कपडे, टॉवेल, आणि लिहायला एक पाटी. पाटी आणायला दुकानात गेले तर दुकानदार विचारतो, मुलाला कितवीत घातलं? मी म्हटलं, घोड्याला, पासष्टीच्या.

तेरा तारखेला तुझा फोन आला होता म्हणे. मी स्वयंपाकघरात होते, हे अंगणात जाऊन बराच वेळ बोलत होते. आत आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, बारकूचं काम चाललंय, काळजी करू नको म्हणतो. मला केवढा आधार वाटला. तू चार ओळी लिहिल्या असत्यास तर आणखी बरं वाटलं असतं, पण कामात असशील.

चोरांशी बोलणी त्याच दिवसापासून बंद आहेत. तुझं सांगणं मनावर घेतलं वाटतं. बाजारातही गेले नाहीत. घरातच आहेत, आणि बारक्या, काय सांगू, गेले चार दिवस ह्या माणसानं बोलून बोलून माझा जीव खाल्लाय. मी भाजी चिरतेय तर समोर स्टूल घेऊन बसतात. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचून दाखवतात, जाहिरातींसकट. भाड्याने देणे आहे, दोन खोल्या, पाण्याची सोय. मला कशाला हव्यात दोन खोल्या? लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा खिडकीतून कोणी कोणी डोकावलं, मी कुठली साडी नेसले होते, तुझी चड्डी कशी घसरत होती, सगळं साग्रसंगीत. बाजारात कोणी कोणाला फसवलं त्याच्या गोष्टी. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर मागोमाग गच्चीवर. न्हाणीघरातूनसुद्धा बोलणं चालूच. आणि मध्येच माझं नाव घेऊन हाक मारतात. मी काय म्हणून विचारलं तर, काही नाही. आवाज इतका घोगरा झालाय की ऐकताना माझाच गळा दुखतो. ऑपरेशनची भीती असेल, म्हणून मी सोडून दिलं.

पण आज दुपारी मात्र मी रागावले. खोकल्याची एवढी मोठी उबळ आली की रुमालाला रक्त लागलं, आणि पाणी प्यायल्याबरोबर पुन्हा सुरू. मी म्हटलं, पुरे करा आता. एक शब्द बोलू नका. जे बोलायचं ते सगळं त्या डब्यात बोलून ठेवलंय ना तुम्ही? बारक्या देतोय काढून. मग नंतर ऐकेन की मी, जन्मभर ऐकेन. आता गप्प बसा.

माझ्याकडे बघत राहिले जरा वेळ. मग मान हलवली. तेव्हापासून बसलेत गप्प, शहाण्यासारखे. संध्याकाळचा चहासुद्धा हातानं खूण करून मागितला. मला तर हसूच आलं. तेवढाच गळ्याला आराम.

डब्याचं काम झालं की कळव. शुद्धीवर आल्यावर ह्यांना सांगायला काहीतरी चांगलं हवं.

ताई

*

१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आत्ता सकाळी मिळालं. नऊ वाजलेत. भाऊजींना आत नेलं असेल.

मी भाऊजींच्या मोबाइलवर सकाळपासून फोन करतोय, तो बंद आहे. तुझ्यावर केला, तू उचललास आणि ‘कोण, कोण’ म्हणून ठेवून दिलास. दवाखान्यातल्या गोंगाटात तुला काही कळलं नसणार.

एकच विचारायचंय. भाऊजींनी गेल्या चार दिवसांत त्यांच्या मोबाइलमध्ये काही बोलून ठेवलंय का? किंवा हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरवर? कुठंही, थोडंसंसुद्धा? घरी आलीस की त्यांचा मोबाइल चालू करून बघ. ऑपरेशन नीट झाल्याचं ड्रायव्हरबरोबर कळव. चिठ्ठी लिहायला वेळ नसेल तर त्याला तोंडी सांग.

बारक्या

*

२४ फेब्रुवारी

बारक्या,

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणतात. गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास आता तिथून. नळीनं खायला देतात. परवा घरी आणलं, आता घरातल्या घरात चालतात. लोक म्हणतात, जीव वाचला यातच सगळं आलं. मीही तेच म्हणते.

पण घर ओळखू येत नाही. आधी मी मशीन काढून ठेवली तरी घरात कोणीतरी आहे हे कळायचं. आता मशीन लावलेली असली तरी कळत नाही. मागून येऊन खांद्याला हात लावतात तेव्हा मी किंचाळते, आणि मग आम्हा दोघांनाही वाईट वाटतं.

तुझी अठराची चिठ्ठी मिळाली. त्यांचा मोबाइल शेजारच्या मास्तरीणबाईंकडून बघून घेतला. काही नाही. हिशेबनिसाला विचारलं, त्याच्याकडेही काही नाही. एका गजरेवाल्यानं त्याच्या मोबाइलमधला जुना लिलावाचा तुकडा आणून दिला. त्यात आकडेच आकडे आहेत आणि मागे माणसांचा कालवा. तू नुसतं ‘बोलून ठेवलंय का’ विचारलंस. का विचारलंस? जे बोलायचं ते तुझ्याकडच्या डब्यात आहे. कंपनीचं पत्र आलंय, फाइली कधी पाठवता म्हणून. ह्यांना एकट्याला लिहायला लागू नये म्हणून आता मीही पाटीवरच लिहिते. तसंच विचारलं, बारक्याला काय झालंय? ह्यांनी पाटी घेतली, आणि पुसून टाकली.

तुम्ही दोघं माझ्यापासून काही लपवताय. मला कानांनी कमी कळतं, बाकी सगळं नीट कळतं. सरळ लिही.

ताई

*

२६ फेब्रुवारी

ताई,

लिहितो.

तुझा डबा उघडून मी दोन रात्री बसलो. जात ओळखता येईना, म्हणून तेरा तारखेला आमच्या मोठ्या सरांना दाखवला. ते रॅन्समवेअर नाहीच. तसं सोंग आहे. लाल पडदा, घड्याळ, किल्ली, पैसे, सगळा देखावा. खऱ्या खंडणीवाल्याचं कुलूप असतं आणि त्याची किल्ली कुठंतरी असते. याला वायपर म्हणतात. हे फाइलीवर कुलूप लावत नाही. आतलं सगळं पुसतं, त्यावर कचरा लिहितं, आणि बाहेर ‘किल्ली आमच्याकडे आहे’ अशी पाटी टांगतं. पैसे भरले असते तरी काही परत आलं नसतं. भाऊजी ज्याच्याशी भाव करत होते तिकडे कोणी नव्हतं, आणि मालही नव्हता. तू ज्या सकाळी लाल पडदा बघितलास त्याच्या आधीच सगळं गेलं होतं. डबा आणि डिस्क, दोन्हीतलं. मी दुसऱ्या दोन ठिकाणीही दाखवलं. सगळ्यांचं उत्तर तेच.

त्याच दुपारी मी फोन केला. कंपनीला विचारून घेतलं होतं, वाक्यं निम्मी मिळाली तरी त्यांना चालतात, बरा आवाज तयार होतो. भाऊजींना सगळं खरं सांगितलं आणि म्हटलं, अजून चार दिवस आहेत, आजच बसा, जमेल तेवढं बोला, गळ्याचं नंतर बघू.  त्यावर भाऊजी जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहितो.

“बारकू, तीन आठवडे मी त्या खोक्याशी बोललो. समोर भिंत आणि रजई. आता आवाज थोडाच उरलाय, आणि तो फार वेळ पुरायचाही नाही. तो मला हिच्याशी बोलण्यात घालवू दे. हिला सांगू नकोस, नाहीतर ती मला परत माइकपुढे बसवेल.”

मी म्हटलं, भाऊजी, दोन्ही करा, तासभर तिकडे, मग ताईशी. ते ‘बघतो’ म्हणाले. मी त्या ‘बघतो’वर भरवसा ठेवला आणि त्यांच्या शब्दाखातर तुला लिहिलं नाही. अठराला तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं की ते खोक्यापुढे बसलेच नाहीत.

पुन्हा बोलून घेऊ का, हे तू मला आठ तारखेला विचारलं होतंस. नको असं मीच लिहिलं. मी काढतो असं मीच लिहिलं. या धंद्यात इतकी वर्षं काढून मला वाटलं, मला सगळं येतं. ताई, मला काही करता येत नाहीये. मी तुझ्या डब्यापुढे रोज बसतो आणि नुसता बसतो.

मला काय बोलायचं ते बोल.

बारक्या

*

३ मार्च

बारक्या,

तुझं पत्र ड्रायव्हरनं दिलं तेव्हा हे झोपले होते. मी ते उभ्या उभ्याच वाचलं. मग अडगळीच्या खोलीत गेले, रजया अजून टांगलेल्याच होत्या, त्या काढल्या आणि घड्या घातल्या. दुसरं काही सुचेना.

तुला बोल लावायला माझ्यात जोर नाही. राग आलाय, तो खोटं कशाला सांगू. तुझ्यावर आहे, ह्यांच्यावर आहे, त्या पिवळ्या पट्टीवर हो म्हणणाऱ्या माझ्या बोटावर आहे. ज्यांनी हे केलं त्यांच्यावर करावा म्हटलं, तर त्यांना तोंडच नाही. कोण आहेत, कुठं बसतात, कशासाठी करतात? पैसे हवे असते तर मला कळलं असतं. नुसतं पुसून टाकायचं, यात कोणाला काय मिळतं? तू मला सगळ्या जातींची नावं सांगितलीस, पण हे सांगितलं नाहीस. तुलाही माहीत नसेल.

हे जागे झाल्यावर मी तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या वर्तमानपत्रांकडे बघत बसले.

बारक्या, ते चार दिवस ते माझ्यासाठी बोलत होते, आणि मी कामं करत होते. गच्चीवर माझ्यामागे आले तेव्हा मी त्यांच्या हातात चिमटे दिले, नुसते उभे का, म्हणून. लग्नाआधीची ती गोष्ट सांगताना पुढे काय झालं ते मी ऐकलंच नाही, कारण दूध उतू गेलं. त्यांनी हाक मारली की मी ‘काय’ म्हणायचे, त्रासून. आता आठवायला बसते तर शब्द आठवतात, आवाज कसा होता ते आठवत नाही. इतक्यातच. जाहिरात आठवते, दोन खोल्या, पाण्याची सोय. ती कुठल्या आवाजात वाचली होती ते डोळे मिटून बसले तरी येत नाही. मला वाटायचं, एवढी वर्षं कानावर पडलेलं कुठं जाणार आहे. पण जातं.

शेवटी मी पाटी घेतली आणि लिहिलं, त्या दिवशी दुपारी मी रागावले, त्यानंतर सकाळपर्यंत वेळ होता. माझं कशाला मनावर घेतलंत? बोलायचं होतं ना. इतक्या वर्षांत मी सांगितलेली एक गोष्ट तुम्ही केली नाहीत. सिगारेट सोडली नाहीत, मफलर गुंडाळला नाहीत, डॉक्टरकडे वेळेवर गेला नाहीत. मग त्याच दिवशी का?

त्यांनी पाटी मांडीवर घेऊन माझं लिहिलेलं पुसलं. नंतर त्यांनी लिहिलं, ‘तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.’

ताई